औषध राखण्याचं, बाजार उगवण्याचा

ऑगस्ट १९८८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिनॉक्सिडिलचं दोन टक्क्यांचं द्रावण पुरुषांच्या टकलावर वापरायला परवानगी दिली. टकलावरचे उपाय माणूस लिहून ठेवू लागला त्याला तोवर साडेतीन हजार वर्षं उलटली होती. एवढ्या काळात चाचण्यांच्या चाळणीतून जाऊन अमेरिकी सरकारचा शिक्का मिळवणारं टकलावरचं हे पहिलंच औषध. कंपनीला ते 'रिगेन', म्हणजे गेलेलं परत मिळवून देणारं, या नावाने विकायचं होतं. प्रशासनाने ते नाव नाकारलं. चाचण्यांतल्या आकड्यांना एवढं मोठं आश्वासन पेलणारं नव्हतं. शेवटी अमेरिकेत ते 'रोगेन' या नावाने दुकानांत आलं.

पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, त्याच प्रशासनाने दुसरा निर्णय दिला: चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या केस उगवणाऱ्या तेला-लोशनांपैकी एकही सुरक्षित आणि परिणामकारक ठरलेलं नाही, म्हणून तसा दावा करून कुणी माल विकू नये. हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले की केसांच्या औषधांचा सगळा इतिहास समजतो. औषध आहे आणि ते काम करतं. पण ते काम आहे उरलेलं राखण्याचं आणि बारीक झालेलं थोडं जाड करण्याचं, तेही जोवर घेत राहू तोवर. गिऱ्हाइकाला मात्र हवं असतं विशीतलं डोकं. या दोहोंतल्या अंतरावरच बाजार पोसला गेला आहे.

हे अंतर जुनं आहे. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराच्या इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, बोका, साप आणि रानबोकड अशा सहा प्राण्यांची चरबी एकत्र करून चोळायला सांगितली आहे. उपाय कामाचा नव्हता, पण त्याची घडण ओळखीची वाटते: घटक दुर्मिळ, मिश्रण गुंतागुंतीचं आणि दावा ठाम. आजच्या बाटलीवरची 'अठरा वनौषधींचा अर्क' ही ओळ त्याच कुळातली. रोमच्या ज्युलियस सीझरला टकलाची इतकी लाज होती की मागचे केस तो पुढे ओढून घेई आणि सिनेटने दिलेल्या सन्मानांपैकी लॉरेलचा मुकुट सतत घालण्याचा हक्क त्याला सर्वांत प्रिय होता, असं त्याचा चरित्रकार स्यूटोनियस सांगतो. जग जिंकणाऱ्याला जे जमलं नाही, ते शंभर मिलीलिटरच्या बाटलीत मिळेल असं माणसाला तरीही वाटत राहिलं.

या सगळ्या काळात डोळे उघडे ठेवून पाहणारेही होते. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असं हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत नोंदलेलं आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने खालित्याचं, म्हणजे टकलाचं, वर्णन करताना आधी रोमकूपातला केस गळतो आणि मग तो रोमकूपच बंद होतो, म्हणून नवा केस येत नाही, असं म्हटलं. वात, पित्त, कफाची ती भाषा आजची नाही. पण गळणं वेगळं आणि जागा बंद होणं वेगळं, हा भेद त्या निरीक्षणात आहे आणि तो आजही कळीचा आहे. मुळं जिवंत असतील तोवरच औषधाला काही करता येतं. गुळगुळीत, चकचकीत झालेल्या टाळूवर आजचं कुठलंही औषध रान माजवत नाही.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आणि टपाल हाताशी आलं, तेव्हा निरीक्षण मागे पडलं आणि जाहिरात पुढे गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या सात सदरलँड भगिनी टाचेपर्यंत पोचणारे केस मोकळे सोडून रंगमंचावर गात आणि त्यांच्या नावाचं 'हेअर ग्रोअर' बाटल्यांनी खपत असे. त्यांचे केस जन्मजात होते, बाटलीतले नव्हते. तरी बघणाऱ्याने दोहोंचा संबंध आपसूक जोडला. जाहिरातीतली नायिका केस झटकते तेव्हा आजही हेच घडतं. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजिकेने गंधक आणि पेट्रोलियम जेलीचं मलम विकून मोठा व्यवसाय उभा केला. पण तिच्या गिऱ्हाइकांपैकी अनेकींचे केस टाळूच्या रोगाने आणि अस्वच्छतेने जात होते. धुणं, स्वच्छता आणि गंधक यांनी तिथे खरोखर फरक पडत असे. कारण ओळखून केलेला साधा उपाय कामी येतो, एवढं त्यावरून दिसतं.

कारणाचा पक्का धागा हाती आला तो १९४२ मध्ये. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने तारुण्याआधीच वृषण निकामी झालेल्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांना टक्कल नव्हतं. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस मागे हटू लागले. ज्यांच्या घराण्यात ते नव्हतं, त्यांचे जागेवर राहिले. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिकता दोन्ही लागतात. टोपी घातल्याने, फार विचार केल्याने किंवा पाणी बदलल्याने पुरुषी टक्कल पडत नाही. हॅमिल्टनला आणखी एक गोष्ट दिसली: संप्रेरक थांबवलं की केसांची माघार थांबते, गेलेले केस मात्र परत येत नाहीत. पुढच्या अर्धशतकात निघालेल्या प्रत्येक औषधाची मर्यादा त्या एका निरीक्षणात आधीच लिहिलेली होती.

औषधं मात्र या वाटेने आली नाहीत, आडवाटेने आली. मिशिगनमधल्या कलामाझू शहरातल्या अपजॉन कंपनीकडे रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणारी मिनॉक्सिडिलची एक जबर गोळी होती. कोलोरॅडो विद्यापीठात डॉ. चार्ल्स चिड्सी तिच्या चाचण्या घेत असताना, १९७१ च्या सुमारास, रुग्णांच्या अंगावर आणि चेहऱ्यावर नको तिथे केस दाट होऊ लागले. त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान आणि त्यांचा शिकाऊ सहकारी पॉल ग्रँट यांनी ते औषध पातळ करून स्वतःच्या हातांवर लावून पाहिलं, आणि तिथे केस आले. मग पेटंटवरून कंपनीशी भांडण जुंपलं. कान यांचं नाव पेटंटवर यायला १९८६ उजाडलं. गोळी १९७९ मध्ये मंजूर झाली ती तीव्र रक्तदाबासाठी, आणि टाळूवर लावायचं द्रावण आलं त्यानंतर नऊ वर्षांनी.

त्या द्रावणाची बाटली जवळून पाहण्यासारखी आहे. साठ मिलीलिटरची बाटली आणि एक मिलीलिटरची खूण असलेला ड्रॉपर. कोरड्या टाळूवर सकाळी एकदा आणि रात्री एकदा लावायचं, म्हणजे बाटली बरोबर महिनाभर पुरते. केसांना चोपडून उपयोग नाही, भांग पाडून कातडीवर सोडायचं. त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलने काहींची टाळू खाजते आणि कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. पहिल्या काही आठवड्यांत केस कमी गळण्याऐवजी जास्त गळतात, कारण विश्रांतीच्या अवस्थेतले जुने केस नव्याला जागा करून देतात. हे आधी कुणी न सांगितल्यामुळे कित्येक जण नेमके याच वेळी घाबरून बाटली फेकून देतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि काहींना तो कधीच कळत नाही, कारण औषधाला कामाच्या रूपात आणणारं विकर त्यांच्या टाळूत पुरेसं नसतं. ज्यांना गुण येतो त्यांनी ते बंद केलं, की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. त्याच जुन्या रक्तदाबाच्या गोळीची अगदी लहान मात्रा डॉक्टर आता केसांसाठीही देऊ लागले आहेत. पण पायावर सूज, धडधड आणि चेहऱ्यावर लव हे तिचे मूळचे गुण तिने सोडलेले नाहीत.

दुसरं औषध आलं कॅरिबियन बेटांतून. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुली समजून वाढवली जात आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषी होई. ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात याचं कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारं विकर या मुलांत कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहिली आणि त्यांना टक्कल पडलं नाही. मर्क कंपनीचे संशोधनप्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी यातून औषधाची दिशा हेरली. फिनास्टेराइड १९९२ मध्ये मंजूर झालं ते वाढलेल्या प्रोस्टेटसाठी, पाच मिलिग्रॅमच्या मात्रेत. डिसेंबर १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमची गोळी पुरुषांच्या केसांसाठी आली. भारतात १९७० च्या कायद्याने २००५ पर्यंत औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नव्हतं. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी ही गोळी लवकर आणि स्वस्तात बनवली.

तिचा हिशोब नीट मांडायला हवा, कारण जाहिरात तो मांडत नाही. १८ ते ४१ वयाच्या १,५५३ पुरुषांवरच्या चाचण्यांत डोक्याच्या माथ्यावर एक इंच व्यासाचं वर्तुळ आखून केस मोजले होते. आरंभी तिथे सरासरी ८७६ केस होते. दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांत आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत सरासरी १३८ केसांचा फरक पडला. यातले काही नवे होते आणि काही दुसऱ्या गटाने गमावलेले. म्हणजे फायद्याचा एक मोठा वाटा जे गेलं असतं ते न जाण्यात आहे. आरशात तो दिसत नाही, कारण न गेलेला केस कुणी मोजत नाही.

हिशोबाची दुसरी बाजूही आकड्यांत आहे. लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के होत्या, बिनऔषधी गोळीवाल्यांत २.१ टक्के. बहुतेकांच्या तक्रारी औषध थांबवल्यावर गेल्या. पण काहींच्या टिकून राहिल्याच्या नोंदी येत गेल्या आणि २०१२ मध्ये अमेरिकेत तसं पत्रकात लिहावं लागलं. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. ही गोळी प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचा आकडा जवळपास निम्म्यावर आणते. पन्नाशीतला माणूस गोळीचा उल्लेख न करता तपासणीला गेला, तर कर्करोगाची खूण नजरेआड होऊ शकते. गर्भवती बाईने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्यातून धोका आहे. एवढं सगळं ज्या गोळीबरोबर येतं, ती मोबाइलवर चार प्रश्नांची उत्तरं देऊन घरपोच मिळावी, हे कुठल्याही तर्कात बसत नाही.

बायकांचा इतिहास वेगळा आहे आणि तो नेहमी मागून चालत आलेला आहे. महाराष्ट्रात बाईच्या डोक्यावर केस नसणं ही एके काळी समाजाने ठोठावलेली शिक्षा होती. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ती प्रथा गेली, तिची सावली गेली नाही. विरळ भांगाची बाई आजही पदर, ओढणी, गंगावन, काळी पावडर असे सगळे आडोसे आधी करते आणि डॉक्टरकडे सर्वांत शेवटी जाते. तोवर मोलाची वर्षं गेलेली असतात.

वैद्यकानेही घाई केली नाही. हॅमिल्टनने पुरुषी टकलाच्या पायऱ्या १९५१ मध्ये लावल्या. बायकांच्या विरळपणाची मांडणी जर्मनीच्या एरिक लुडविग यांनी केली ती १९७७ मध्ये. बायकांत कपाळावरची रेषा बहुधा तशीच राहते, भांग मात्र रुंदावत जातो. मिनॉक्सिडिल त्यांना अधिकृतपणे मिळालं १९९१ मध्ये. पाच टक्क्यांचं औषध पुरुषांना १९९७ मध्ये बिनचिठ्ठी मिळू लागलं आणि बायकांसाठी तेवढ्या तीव्रतेचा फेस मंजूर व्हायला २०१४ साल यावं लागलं. पाळी गेलेल्या बायकांवर एक मिलिग्रॅम फिनास्टेराइडची वर्षभर चाचणी झाली, उपयोग दिसला नाही. स्पायरोनोलॅक्टोन ही आणखी एक रक्तदाबाचीच गोळी डॉक्टर बायकांना केसांसाठी देतात. ती सुरू असताना दिवस राहू देता येत नाहीत आणि रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं.

पण बाईच्या बाबतीत औषधाआधी रक्ततपासणी यायला हवी. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. लोहाची कमतरता, थायरॉइड, पीसीओएस, बाळंतपण, टायफॉइड-डेंग्यूसारखा ताप, झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार यांपैकी कशानेही केस मुठीमुठीने जातात. तापानंतरची किंवा बाळंतपणानंतरची गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बहुधा आपली आपण थांबते. नेमकी याच काळात घेतलेली बाटली, मग ती कसलीही असो, श्रेय घेऊन जाते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आपल्याकडच्या कित्येक तेलांची कीर्ती अशी उभी राहिलेली आहे.

गोल चकत्यांसारखे केस जाणं, ज्याला आपण चाई म्हणतो, हा तर तिसराच प्रकार. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. यावरही औषध आलं ते सांधेदुखीच्या दारातून. संधिवातासाठी निघालेलं बॅरिसिटिनिब जून २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी अमेरिकेत मंजूर झालं. चाचण्यांत जास्त मात्रा घेणाऱ्या साधारण तिघांतल्या एकाच्या डोक्यावर ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग केसांनी भरला. ज्यांच्या भुवया-पापण्याही गेल्या होत्या, त्यांच्यासाठी हे खरोखर मोठं पाऊल. पण जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे गंभीर इशारे त्याच्या डब्यावर आहेत आणि औषध थांबवलं की अनेकांची चाई परत येते.

आधी निदान, मग औषध हा क्रम किती महत्त्वाचा, हे बुलढाणा जिल्ह्याने जानेवारी २०२५ मध्ये दाखवून दिलं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लहानथोरांचे केस अवघ्या काही दिवसांत हातात येऊ लागले. वाहिन्यांनी 'टक्कल व्हायरस' म्हणून हाकाटी केली. संशय शांपूवर गेला, पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. आयसीएमआरचं पथक आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा वेळी सगळ्या गावाला मिनॉक्सिडिल वाटलं असतं, तर पैसा गेला असता आणि खरं कारण पोत्यातच राहिलं असतं.

कायदा या बाबतीत मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या 'जे' परिशिष्टात, जे रोग बरे करण्याचा किंवा टाळण्याचा दावा औषधाने करू नये अशांची यादी आहे, आणि तिच्यात टक्कल आहे. तरीही सणासुदीच्या पुरवण्या, रेल्वेचे डबे आणि मोबाइलचे पडदे 'नवे केस उगवा'च्या हमीने भरलेले असतात. मोठ्या कंपन्या हुशार आहेत. त्यांच्या जाहिरातीत 'केसगळती कमी' ठळक अक्षरांत असतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'तुटल्यामुळे होणारी' असा खुलासा. तुटणारा केस आणि मुळापासून जाणारा केस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्या तळटीपेला पक्कं ठाऊक असतं.

माका, आवळा, जास्वंद घालून घरी उकळलेल्या तेलाशी कुणाचं भांडण नाही. आजीच्या हातच्या मालिशने केस मऊ राहतात, कमी तुटतात, झोप छान लागते. आनुवंशिक टक्कल त्याने थांबत नाही, एवढंच मोकळेपणाने म्हटलं तरी पुरे. आणि टक्कल हा मुळात आजार नाही, हेही म्हटलं पाहिजे. ज्याला ते खुपत नाही, त्याने एक रुपयाही घालवू नये. ज्याला किंवा जिला खुपतं, त्यांनी लाजू नये, पण खिशात हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: माझे केस नेमके कशाने जाताहेत, हे कुणी तपासलं आहे? या औषधाची चाचणी माझ्यासारख्या पुरुषांवर किंवा बायकांवर झाली आहे का? आणि मी ते उद्या थांबवलं तर काय होईल? ज्या दुकानात तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, तिथून उठून यावं.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 'जे' परिशिष्टाची अंमलबजावणी करावी आणि डॉक्टरने न पाहता फिनास्टेराइड विकणाऱ्यांवर कारवाई करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मुळं जिवंत असताना, निदान करून, दुष्परिणाम माहीत करून घेऊन आणि चिकाटीने वापरली तर आजची औषधं बऱ्याच जणांचे केस काही वर्षं राखतात. याहून मोठं वचन देणारा माणूस औषध विकत नाही, आशा विकतो.